तिसऱ्या रांजणातला थेंब

"डावीकडून तिसरा," हातातली निनावी चिठ्ठी वाचत आबकारी जमादार गुलाबसिंग म्हणाला. कोनाड्यातल्या जवसाच्या तेलाच्या दिव्याकडे धुरपताबाईचा हात जायच्या आत त्याने काठीने रांजणाच्या तोंडावरचा मातीचा लिंपा फोडला.

खोलीभर मोहाच्या दारूचा वास सुटला.

धुरपताबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जऊळक्याच्या स्टेशनरस्त्याला लागून तिचा द्राक्षांचा मळा होता. तीन पिढ्या त्या द्राक्षांचं आसव होत होतं. बाळंतिणीपासून खोकल्याने बेजार झालेल्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळा मुलूख ते औषध म्हणून घेई. वेलांना शेणखत, लेंडी आणि निंबोळीची पेंड, याखेरीज काही पडत नसे. नवरा, नानाजी वैद्य, पाच वर्षांपूर्वी गेला तेव्हा भावकी तोंडाला पदर लावून हसली होती. ही बाईमाणूस काय आसव करणार! तिने करून दाखवलं. नानाजीच्या रीतीत दोनचार फरकही केले, आणि आसव आधीपेक्षा चांगलं उतरू लागलं.

आणि आज, सन १९३४च्या फाल्गुनात, नऊ रांजण भरून बाराच दिवस झाले होते, तर कुण्या मेल्याने त्यात दारू ओतली होती.

"आसवाचा परवाना गेला समजा, बाई," गुलाबसिंग म्हणाला. "अन् तो तुमचा सेवालाल जेलात."

सेवालाल बाहेर मांडवाच्या खांबाला बांधलेला होता. रांजण उघडायच्या आधीच बांधलेला! अकरा वर्षं त्याने या वेलांची छाटणी केली होती.

"त्याले काहून बांधलं?"

"तांड्यावरचा मानूस, मोहाची दारू. अजून काय पुरावा पाह्यजे?"

"तांडा म्हनजे पुरावा? असं कोन्या कायद्यात लिवलं हाय, दाखवा मले!"

"आवाज चढवू नका. लिंपा शाबूत होता, मी सोता फोडला. म्हनजे दारू भरतानाच पडली. रस कोन वाहून आनला? सेवालालनं. तुमी सासू-सुना दोन दिवस रिसोडले लग्नाले गेल्या, तवा मळ्यावर कोन होतं? सेवालालच."

दाराशी पंच म्हणून उभा असलेला जगदेव हळहळला. हा नानाजीचा धाकटा भाऊ. बारा वर्षांपूर्वी वेगळा निघाला होता आणि कापसाच्या दलालीत रमला होता.

"वैनी, मी तं वायलं निंगाल्यापासून या खोलीत पाय ठेवला नाई. मले यातलं काई कळत नाई. पन परवाना गेल्यावर मळा ठेवून काय करता? द्राक्षं का बैलाईले चारता?"

धुरपताबाई बोलली असती तर शिव्याच बाहेर पडल्या असत्या. ती रांजणावर वाकली. आत, गळ्याच्या चार बोटं वर, वाळलेल्या फेसाची तांबूस रेघ होती. रेघेच्या वर, काठाच्या अगदी खाली, एक पांढुरका रवाळ थेंब चिकटला होता. त्यात काजळीचा ठिपका. तिने तो नखाने खरवडला, नाकाशी नेला आणि द्राक्षाच्या पानात गुंडाळून कनवटीला लावला.

मग ती बाहेर सेवालालपुढे जाऊन उभी राहिली.

"आमी रिसोडले होतो तवा खोलीची किल्ली कुठी होती?"

"खोपडीत, खुंटीले."

"तू मळा सोडून गेलता?"

"एकडाव. नथ्थू गाडीवान निरोप घिऊन आला, ठेसनावर पेंडीचे पोते उतरले म्हनून. गेलो तं काईच नोतं."

"निरोप कोनाचा?"

"मले वाटलं तुमचाच."

"बहाना चांगला हाय," गुलाबसिंग हसला.

सेवालालने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "बाई, तुमालेबी वाटते का मीच केलं?"

नाही म्हणायला धुरपताबाईला क्षणभर उशीर झाला. तेवढा क्षण त्याने पाहिला आणि मान खाली घातली.

तिला स्वतःचाच असा राग आला की दातओठ खात ती जमादाराकडे वळली. "बाकीचे आठ रांजन पाह्यचे का नाई?"

"पाह्यचेच हायत."

"मंग काठीनं नाई. मह्या हातानं उघडले तं तुमी म्हनान बाईनं चलाखी केली. सेवालालले सोडा, एक त्याले उघडू द्या. दुसरा भाऊजी उघडतीन. ते तुमचेच पंच हायत."

गुलाबसिंगला यात काही वावगं दिसलं नाही.

सेवालालचे हात मोकळे झाले. त्याने पहिल्या रांजणाचा लिंपा काढला, फडकं सोडलं आणि सरळ नाक आत घातलं. त्याच क्षणी तो खोकत, डोळे चोळत मागे हटला. "बापा! नाकात मिरची गेल्यावानी झालं!"

"या रांजनात दारू नाई," जमादाराने लांबूनच वास घेतला.

"आता तुमी, भाऊजी."

जगदेवने दुसऱ्या रांजणाचा लिंपा अलगद सोडवला. हात सराईत होते. फडक्याची गाठ सोडता सोडता त्याने मागे न पाहताच हात पुढे केला. "प्रयाग, तुपाची वात आन वं."

सून प्रयागबाई दारात होती. तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन ती या घरात आली होती. तिचा नवरा लहानपणापासून शहरात मामाकडे वाढला; या कामाला त्याचा हात कधी लागला नव्हता. ती गोंधळली. "तुपाची? कायले, मामाजी? हा काय, जवसाच्या तेलाचा दिवा कोनाड्यातच हाय."

जगदेवचा हात तसाच हवेत राहिला.

"जमादार," धुरपताबाई म्हणाली, "दार लावा अन् आयका. पेटती वात आत सोडल्याबिगर आमच्या घरात रांजन उघडत नाई. वात इझली तं रस अजून फसफसून राह्यला. जळत राह्यली तं आसव तयार. हे आमी दार लावून करतो. घरच्याबिगर कोनाले दाखवत नाई, असा मह्या सासऱ्याचा दंडक होता. म्हनून तं सेवालालनं नाक आत घातलं. अकरा वर्सं इथं राबून त्याले हे ठावं नाई."

"मंग?"

"तिसऱ्या रांजनात फेसाची रेघ हाय. दारू भरतानाच पडली असती तं रस फसफसलाच नसता, फेस वर चढला नसता. म्हनजे रस आठ-दहा दिवस चांगला चढला, अन् मंग कोनीतरी लिंपा काढून दारू ओतली. नवा लिंपा असा बसवला का तुमालेबी फरक कळला नाई. हे काम शिकलेल्या हाताचं हाय." तिने कनवटीचं पान उलगडलं. "अन् हा थेंब फेसाच्या रेघेवर होता. वास घ्या."

गुलाबसिंगने वास घेतला. "तूप."

"मह्या घरात पाच वर्सांत तुपाची वात पेटली नाई. तुपाचा थेंब पडला का आसव खवट होते, म्हनून हे गेल्यावर मी जवसाचं तेल सुरू केलं. सुनेले तुपाचं ठाऊकच नाई, तुमी आताच पायलं. तूप वापरनारे तिघं. सासरे अन् मालक वर गेले. तिसरा बारा वर्सांपासून या खोलीत आला नाई म्हनते."

"वैनी, तोंड सांभाळा! जुनी सवय हाय, निंगालं तोंडून."

"सवयच! दारू ओताले आलता तू, तुले वातीची काय गरज होती? पन बापानं लहानपनी शिकवलं, तं घरून निंगतानाच हात तुपावातीकडे गेला. घरातून आनलेल्या तुपाची वात पेटवली, रांजनात सोडली, अन् मंग त्याच रांजनात घान ओतली! बापाची शिकवन पाळून बापाचंच नाव बुडवलं रे, जगदेव!"

आजवर तिने दिराला नावाने कधी हाक मारली नव्हती.

"नथ्थू गाडीवानाले बलावतो," गुलाबसिंग चिठ्ठी घडी करत म्हणाला. आता त्याचा सूर जगदेवसाठी बदलला होता. "ठेसनाचा निरोप कोनाचा होता, ते तो सांगीन."

नथ्थूचं नाव निघताच जगदेवचं अवसान गळालं. "रस्त्याकाठी कापसाचं जिनिंग बसवनारा शेठ मळा मांगून राह्यला. मी त्याले शब्द देऊन बसलो. वैनी परवाना असेपर्यंत मळा सोडत नोत्या. सेवालाल दोन महिन्यांनी सुटला असता, त्याचं काय जाते?"

"त्याचं काय जाते?" धुरपताबाई इतक्या मोठ्याने ओरडली की मांडवातल्या चिमण्या उडाल्या.

जगदेवच्या हाताला तोच दोर बांधून गुलाबसिंग निघाला. परवान्याचं कागदावर नीट लिहितो, म्हणाला. सेवालालला मात्र तो एक शब्द बोलला नाही. धुरपताबाई जमादाराच्या वाटेत आडवी झाली.

"निरपराध मानसाले खांबाले बांधलं तुमी. माफी मांगा, मंग जा."

जमादार पुटपुटला. काय ते कुणाला नीट ऐकू आलं नाही. पण पुटपुटला.

ते गेल्यावर तिने खोलीची किल्ली सेवालालपुढे धरली. त्याने घेतली नाही.

"नको बाई. पुन्हा कई रांजन बिघडला तं तुमी मह्याकडेच पाहान."

तो उशीर झालेला क्षण तिचाच होता, कुणाच्या माथी मारता येत नव्हता. तिने आत जाऊन किल्ली दाराजवळच्या खुंटीला अडकवली, कोनाड्यातला दिवा घेतला, निंबाच्या काडीला वात गुंडाळून तेलात बुडवली आणि हाक मारली, "सेवालाल, आत ये. दार लाव."

तो उंबऱ्याशीच थांबला. "ते तं घरच्याईलेच दाखवतात ना?"

"घरच्यानंच घान केली. ये म्हनते ना!"

सेवालाल आत आला. तिने पेटती काडी त्याच्या हातात दिली आणि त्याचा हात धरून पहिल्या रांजणाच्या तोंडाशी नेला. ज्योत काठाखाली गेली आणि पटकन विझली.

"इझली," तो म्हणाला. "मंग आता?"

"रस अजून शांत झाला नाई. पंधरा-वीस दिवस लागतीन." तिने पदराने डोळे पुसले आणि फडकं पुन्हा रांजणावर ओढलं. "तू बांध गाठ. मह्या हाताले आज धरवत नाई."

सेवालालने गाठ बांधली. मग माती भिजवायला तो बाहेर गेला, आणि जाताना खुंटीवरची किल्ली बरोबर घेऊन गेला.