साठ मिनिटांची गल्ली

नव्या बेलवडीतली अकराशे घरं गवंड्यांनी बांधलेली नव्हती. उंच कमानीवर फिरणाऱ्या यंत्रांनी नळीतून काँक्रीटचे थर एकावर एक ओतत ती दोन महिन्यांत छापली होती. धरणाखाली गाव गेलेल्या अंगणवाडी सेविका जमुना पाडवींना त्यातलं एक, सहाव्या गल्लीतलं, मिळालं होतं.

भिंती तपासायला सरकारने डॉ. मृणाल सबनीस यांना पाठवलं. त्यांनी भिंतीतून ध्वनिलहरी सोडल्या. कमरेच्या उंचीवर लहर क्षीण व्हायची. गल्लीतल्या प्रत्येक घरात तसंच.

"खालचा थर ओला असतानाच वरचा पडला, तर दोन्ही एकजीव होतात," मृणालने जमुनाला सांगितलं. "उशीर झाला, तर वरचा नुसता टेकून राहतो. याला आम्ही थंड सांधा म्हणतो. तो वजन पेलतो. पण वादळाचा आडवा धक्का बसला, तर भिंत तिथेच सरकू शकते."

यंत्र बिघडलं असेल, असं जमुनाला वाटलं. आधी मृणाललाही तसंच वाटलं होतं. पण यंत्राच्या नोंदी वेगळंच सांगत होत्या. कमरेच्या उंचीवरच्या दोन थरांच्या मध्ये पहिल्या गल्लीत यंत्र दहा मिनिटं थांबवलं होतं, दुसऱ्या गल्लीत वीस, सहाव्या गल्लीत साठ. मुद्दाम. किती उशीर चालतो हे कळलं, की एका घराचा थर टाकून पुढच्या घराकडे जात एकच यंत्र एका वेळी अनेक घरं छापू शकणार होतं. प्रयोगशाळेतल्या हातभर भिंतीवरून ते नेमकं कळत नव्हतं.

दोघी घरं छापणाऱ्या कंपनीच्या कचेरीत गेल्या. अधिकाऱ्याने काही नाकारलं नाही. जमुनाला आजच पहिल्या गल्लीत घर देतो म्हणाला. फक्त याबद्दल कुठे बोलणार नाही, अशी सही हवी होती.

"आणि माझं आत्ताचं घर?"

"यादीतल्या पुढच्या कुटुंबाला. निरीक्षणं पाच वर्षं चालायला हवीत."

"आमच्या मुलाबाळांवर?" जमुनाने विचारलं. तिने कागद तसाच परत सरकवला.

मृणालने सरकारला अहवाल पाठवला. आठवड्याभरात तिच्याकडून काम काढून घेतलं गेलं. तरीही ती जमुनाबरोबर पत्र्याच्या छावणीत गेली. घराची वाट पाहणारी यादीतली कुटुंबं तिथेच राहत होती. सहाव्या गल्लीत कुणी घर घेऊ नये म्हणून जमुनाने सगळं सांगितलं.

तान्ही मुलगी खांद्यावर घेतलेला एक बाप शेवटपर्यंत ऐकत उभा होता. दीड वर्ष तो त्या तापलेल्या पत्र्याखाली राहत होता.

"ताई, तुम्हाला नको असेल तर आम्हाला द्या," तो म्हणाला. मग मृणालकडे वळला. "साठ मिनिटं म्हणजे पडेलच असं नाही ना, मॅडम?"

नेमकं तेच शोधण्यासाठी तर कंपनीने ती गल्ली छापली होती.