मेव्हणीचं बोलावणं

मृणालला आणायला मी स्टेशनवर गेले तेव्हा दुपार कलली होती. ऑगस्टचा उकाडा, समुद्र निपचित पडलेला, फलाटावर मी एकटीच. सांगलीच्या वसतिगृहात आम्ही दोघी एका खोलीत राहिलेल्या. पुढं तिचं लग्न झालं, मोडलं, आता ती तिथंच बँकेत असते आणि एकटी राहते. मी मिनोरूशी लग्न करून जपानच्या या बंदराच्या गावात आले, आणि मिनोरू वारल्यावरही इथंच राहिले.

मैत्रीण एवढ्या लांबून आली म्हणजे आनंद व्हायला हवा, असं तुम्ही म्हणाल. झाला की! पहिला तासभर झाला.

शेजारच्या ओकुमुरा आजींनी मला त्यांच्या परसातली पहिली काकडी द्यायला दोन वर्षं लावली होती. हिला पहिल्याच संध्याकाळी अख्खं कलिंगड! भाषेचा एक शब्द हिला येत नाही, नुसती हसते नि माना डोलावते. आणि आजी मला विचारतात, "ही का नाही गं राहत इथं? घर कसं भरल्यासारखं वाटतं." माझा नुसता जळफळाट झाला. खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी मी तिला गाव दाखवायला नेलं. मासळीबाजार झाला, मिनोरू जिथं बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा ती गोदी झाली, आणि उन्हं उतरताना आम्ही टेकडीवरच्या देवळात गेलो. इथले पितरांचे दिवस होते. देवळामागच्या लाकडी खोपटासमोर रांग लागली होती. त्या खोपटात घंटा आहे, पण ती कुणाला दिसत नाही, भिंतीच्या भोकातून फक्त दोरी बाहेर येते. ती ओढायची, आपल्या गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं, की ते माणूस घरी येतं. एका घरानं वर्षातून एकदाच ओढायची. आणि सण संपला की ज्यानं बोलावलं त्यानंच दारात जाळ करून पाहुण्याला पोचवायचं.

मिनोरू गेल्यापासून दरवर्षी मी ती दोरी ओढत होते. दार सताड उघडं टाकून रात्र रात्र बसत होते. शेजारणी सकाळी सांगायच्या, आमचे आले बाई. माझ्या घरी कुणी फिरकायचं नाही. यंदा तरी ये रे, एवढंच माझ्या मनात होतं.

माझी पाळी आली. मी हात जोडून डोळे मिटले. पण आपल्याकडच्या माणसाला देवळात घंटेची दोरी दिसल्यावर हात आवरतो का? मृणाल पुढं झाली, तिनं दोरी खच्चून ओढली आणि हसत ओरडली, "मिनोरूराव, या हो! मेव्हणी आलीय सांगलीहून!"

घंटा वाजली. खोल, जमिनीच्या पोटातून आल्यासारखी... आणि कितीतरी वेळ घुमत राहिली. रांगेतल्या ओकुमुरा आजींनी तोंडावर हात ठेवला.

"काय गं वृंदे? चुकलं का माझं काही?"

"काही नाही. चल तू."

माझी पाळी तिनं खाल्ली होती.

टेकडी उतरून खालच्या बोळात आलो आणि मला वास आला. डिझेलचा आणि संत्र्याच्या सालीचा. हाताचं तेल जावं म्हणून मिनोरू संत्र्याच्या सालीनं हात घासायचा. वास मृणालच्या डाव्या अंगानं येत होता. मी घाईनं तिच्या डाव्या बाजूला गेले, तर तो उजवीकडून यायला लागला. मी उजवीकडं गेले... तर डावीकडून.

"अगं, भोवऱ्यासारखी काय फिरतीयेस माझ्याभोवती?" मृणाल खो खो हसली.

तो आला होता. बोलावणाऱ्याच्या घरी नाही, बोलावणाऱ्याकडं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती चटईवर आडवी झाली होती. दिवा मी लावला नव्हता. पान हलत नव्हतं, मी घामानं निथळत होते. आणि मृणालच्या कपाळावरच्या बटा हलत होत्या. संथपणे, एका लयीत... वर, खाली... वर, खाली. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मला झोप लागेस्तोवर मिनोरू असाच हातपंख्यानं वारा घालायचा. मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसले होते. माझ्या अंगाला त्यातली झुळूकसुद्धा लागली नाही.

"किती छान वारा घालतेस गं..." ती डोळे मिटूनच पुटपुटली.

"मी नाही घालत."

तिनं डोळे उघडले. माझ्याकडं पाहिलं, मग सावकाश मान वळवून आपल्या उशामागं पाहिलं. तिनं किंचाळायला हवं होतं. मेली लाजली! लाजली आणि पदर सारखा केला.

मी उठून तडक आजींकडं गेले. "आजी, त्याला मी पोचवलं तर?"

"ज्यानं बोलावलं त्यानंच पोचवायचं, बाई. मैत्रिणीला दोन दिवस ठेवून घे."

"आणि ती पोचवायच्या आधीच गेली तर?"

आजींनी माझ्याकडं रोखून पाहिलं. "मग तो अडकून पडेल. असलं मनात आणू नको."

पण आणलं मी मनात. का आणू नये? माझा नवरा! पोचवणारी निघून गेली की हा जाईल कुठं? माझ्यापाशी राहील. विमानाच्या तिकिटाची तारीख बदलू का, असं मृणालनं दोनदा विचारलं. "छे गं, बँकेत खोळंबा होईल तुझा," असं म्हणत मीच तिची बॅग भरली.

सणाच्या शेवटच्या दिवशी दुपारी तिची गाडी हलली. मी हात हलवला. बंद काचेआड मृणाल बसली होती, शेजारची जागा रिकामी होती. आणि तिच्या बटा हलत होत्या. वर, खाली... मी गाडीबरोबर धावले, काचेवर थापा मारल्या. तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

घरी आले. दार उघडं टाकून बसले. संत्र्याचा वास नाही, काही नाही. शेजारच्या दारांत जाळ पेटले, विझले.

त्यानंतर तिचा फोन नाही की निरोप नाही. शेवटी काल मीच केला. सांगलीत दिवस मावळला असेल. पलीकडून तिचा आवाज आला, अगदी दबका.

"बोल वृंदा..."

"मृणाल, दारात जाळ कर थोडा. त्याला जाऊ दे. नाहीतर... नाहीतर माझ्याकडं पाठव गं."

"नाही गं," ती म्हणाली. "तू नको सांगूस मला ते."

मी काही बोलणार, तेवढ्यात तिच्या मागून पुरुषाचा आवाज आला. तो आवाज मी हजारांत ओळखेन. आमच्या सगळ्या संसारात तो मराठीतला एक शब्द शिकला नाही. मी हातापाया पडले, रुसले, रडले, तो नुसता हसायचा. आता तो एकेक अक्षर जुळवत, सावकाश विचारत होता, "को...ण... आ...हे?"

मृणालनं फोन तोंडापासून दूर धरला असावा. तरी मला नीट ऐकू आलं.

"कुणी नाही हो," ती त्याला म्हणाली. "राँग नंबर."