छत्तीसचा पट, पंचवीस बाकं

इयत्ता सातवी. पट छत्तीस.

स्टीलचा डबा. दोन पोळ्या, बटाट्याची भाजी. सकाळी दाराशी ठेवलेला, संध्याकाळी तसाच.

‘रविवारी बाबा घरी असतात. ते मला गोष्ट सांगतात. म्हणून रविवार माझा आवडता दिवस आहे.’

दापोडी. सहामाहीच्या सकाळी शिपायाने पंचवीस बाकं पुसली.

‘आदरणीय पालक, आपली पाल्य स्वप्नाली हिला सहामाही परीक्षेत मराठीत पन्नासपैकी अडतीस गुण मिळाले आहेत.’

ज्योतीरामने हा मेसेज उघडून मोबाइल मृदुलासमोर ठेवला. खासगी तपासाचं तिचं ऑफिस सांगवीत, झेरॉक्सच्या दुकानावर. तिने वाचून फोन सोपानरावांकडे सरकवला. सोपानराव निवृत्त हवालदार. चार वर्षं तिच्याबरोबर होते.

“पोरगी हुशार आहे की,” ते म्हणाले.

“मे महिन्यात वारली,” ज्योतीराम म्हणाला. “गाडीवरनं पडून.”

त्याचा आवाज वर गेला नाही, खाली आला नाही.

“शाळेला कळवलं नाही?” मृदुलाने विचारलं.

“न्हाई. गावाकडं नेलं. तिकडंच सगळं केलं. दाखला काढायला शाळेत जावं लागतंय. पाय उचलला न्हाई.”

“आता काय हवंय?”

“मेसेज माझ्या बायकोनं वाचला, रंभानं. चार दिवस झाले, डबा भरायलीय. म्हणती, पेपर लिवला म्हंजी लेकरू शाळेत हाय. कुणी लिवला तेवढं सांगा. घरी जाऊन तिला काहीतरी सांगावं लागंल.”

“आज रजा काढलीत?”

“आज गुरुवार. चाकणला आमची कंपनी बंद असती.”

तिघं तिथूनच दापोडीला, महापालिकेच्या शाळेत गेले. ज्योतीराम व्हरांड्यातल्या बाकावर बसला.

शिपाई उद्धवराव पाण्याची टाकी धूत होते.

“पोरं कमी दिसतायत,” सोपानराव म्हणाले.

“गुरुवार हाय न्हवं! बाप घरी, पोरगं घरी. माझे दोन्ही ल्योक कंपनीत हायती, मला ठाव हाय.”

“सहामाहीला सातवीची बाकं किती लावली?” मृदुलाने विचारलं.

“पंचवीस. एकाला एक.”

“पेपरांच्या कपाटाची किल्ली?”

“माझ्याकडं. पण ताई, म्या सातवी नापास. सातवीचा पेपर लिवायचा आसता तर तवाच लिवला नसता व्हय?”

मुख्याध्यापिका कुसुमताईंनी गठ्ठा काढून दिला. मृदुलाने मोजला. छत्तीस.

“अकरा मुलं दाखला न नेता गेली,” कुसुमताई म्हणाल्या. “कंत्राट संपतं, खोली रिकामी होते, आम्हाला पत्ता लागत नाही. नावं कमी केली तर पट घसरतो. मग एक शिक्षक अतिरिक्त ठरतो. सगळ्यांत नवा असतो तो आधी जातो.”

“गठ्ठ्यावर सही तुमची.”

“केली. उघडून बघितला नाही.”

मृदुला फळ्याकडे बघत होती. ‘पालकसभा : गुरुवारी दहा वाजता.’

“गुरुवारीच का?”

“आमचे हे भोसरीच्या कारखान्यात होते. तीस वर्षं आमच्या घरात रविवार गुरुवारी यायचा.”

बाहेर आल्यावर सोपानराव कुजबुजले, “बाईच. सही त्यांची, शाळा त्यांची.”

“अजून एक राहिलेत.”

वर्गशिक्षक श्रीपाद सर जूनमध्ये रुजू झालेले. शर्टाची इस्त्री अजून मोडली नव्हती. त्यांनी सरासरीचा तक्ता दाखवला.

“वर्ग सुधारतोय. नुसती गुरुवारची उपस्थिती का पडते, कळत नाही. पालकांना गांभीर्य नाही. त्यात बाई पालकसभासुद्धा नेमकी गुरुवारीच ठेवतात.”

“स्वप्नाली कशी आहे अभ्यासात?”

“ठीक आहे,” सर म्हणाले. “शांत असते.”

मृदुलाने बाकावर बसून छत्तीसच्या छत्तीस निबंध वाचले. मग सगळ्यांना कुसुमताईंच्या खोलीत बोलावलं. ज्योतीराम दाराशी उभा राहिला. तो कोण, हे तिने सांगितलं नाही.

“बाकं पंचवीस, पेपर छत्तीस,” ती म्हणाली. “अकरा पेपर मागाहून आले. कपाटाची किल्ली उद्धवरावांकडे, सही कुसुमताईंची, नोकरी जाणार होती श्रीपाद सरांची. संशय तिघांवरही घेता येतो.”

“मग?” सोपानराव म्हणाले.

“निबंधाचा विषय होता ‘माझा आवडता दिवस’. पंचवीसपैकी एकोणीस मुलांनी गुरुवार लिहिलाय. पप्पा घरी, मटण, पोहायला नेलं. या अकरा जणांचे वडीलही कंपन्यांतच होते, हजेरीपुस्तकात नोंद आहे. पण अकराही पेपरांत रविवार. अक्षर बदललंय, पेनं बदललीत. दिवस बदलायचं लिहिणाऱ्याला सुचलं नाही, कारण त्याला तो दिवस माहीतच नव्हता.”

तिने अकरा पेपर वेगळे करून टेबलावर ठेवले.

“उद्धवरावांची मुलं कंपनीत. कुसुमताईंच्या घरी तीस वर्षं गुरुवार. या खोलीत एकच माणूस असा आहे, ज्याला गुरुवारी वर्ग रिकामा का होतो हे कळत नाही.”

श्रीपाद सर खुर्चीत बसले.

“माझे वडील बँकेत होते,” ते म्हणाले. “रविवारी गोष्ट सांगायचे. मी तेच लिहिलं. बाकीच्यांचे निबंध वाचलेच नाहीत, पानं बघून गुण दिले.”

“अडतीसच का?”

“कमी दिले तर जादा तासाला बोलवावं लागतं. जास्त दिले तर वरून तपासणी येते.” त्यांनी कपाळ पुसलं. “शांत असते म्हटलं, पण मी तिला कधी बघितलंच नाही. मला वाटलं, गावाला गेली असेल.”

“व्हय,” दाराशी उभा असलेला ज्योतीराम म्हणाला. “गावालाच हाय. मी बाप तिचा.”

सरांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने खिशातून स्वप्नालीचा फोटो काढून पुढे धरला. फोटोभोवती काळी चौकट होती.

कुसुमताईंनी दाखल्यांचं पुस्तक काढलं. ‘शाळा सोडल्याचे कारण’ या रकान्यापाशी त्यांचं पेन थांबलं.

“लिवा बाई,” ज्योतीराम म्हणाला. “रंभाला दाखवायचंय.”

त्यांनी लिहिलं. उद्धवरावांनी शिक्का आणला. ज्योतीरामने दाखला चौघडी करून खिशात ठेवला.

“आणि हा पेपर?” सोपानरावांनी विचारलं.

“तिचा न्हाई तो.”

पेपर टेबलावरच राहिला. सर त्याच्याकडे न बघता बसून होते. पटावर पस्तीस नावं उरली होती. कुसुमताईंनी पेनाचं टोपण लावलं नव्हतं.

स्वप्नाली गाडीवरून पडली तो बावीस मे, गुरुवार होता. ज्योतीरामला सुट्टी होती. नवं दप्तर आणायला निघालेली गाडी तोच चालवत होता.