वेडी अशी हसत नाही

भाद्रपदात जव्हारला ढग आभाळात राहत नाहीत, रस्त्यावर उतरतात. अशाच एका गुरुवारी दुपारी कुसुमावती छत्री मिटून वाचनालयाच्या पायऱ्या चढली. डहाणूकडून डाक आली होती, म्हणजे नवं मासिक आलं असणार. टेबलावर ते दिसलं, तिने हात पुढे केला... आणि त्याच क्षणी मासिकाचं दुसरं टोक एका तरुणाने धरलं.

"तुम्ही घ्या," तो म्हणाला. पण सोडलं नाही.

"घेते. तुम्ही सोडलंत तर."

तो हसला आणि त्याने हात मागे घेतला. केसांवर धुक्याचे बारीक थेंब, बोटाला शाई. तिने ओळखलं. ठाण्याहून दरबारच्या कचेरीत आलेले नवे कारकून, लक्ष्मणराव.

"'घुमटातली वेडी'चा नवा हप्ता वाचायचा असेल," तो म्हणाला. "सगळं गाव त्यासाठीच येतं."

"मीही त्यासाठीच येते. दर महिन्याला राग येतो, तरी येते."

"राग? कशाचा?"

कुसुम वीस वर्षांची, मुलींच्या शाळेत शिकवणारी. अनोळखी पुरुषाशी चार वाक्यं बोलायची तिची रीत नव्हती. पण हे तीन महिने मनात साचत होतं.

"त्या वेडीला बघा ना. केस मोकळे, डोळे लाल, हातात सुरा. अमावास्या आली की खदाखदा हसते. वेडी अशी हसत नाही. हे कोण 'निशाकर' लिहितात, त्यांनी वेडं माणूस कधी जवळून पाहिलेलं दिसत नाही."

लक्ष्मणच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिला वाटलं, गारठ्याने असेल.

"वाचकाला थोडी भीती लागते, बाई," तो हळूच म्हणाला.

"भीतीला आपल्या जंगलात वाघ आहेत की."

पुढच्या गुरुवारी तो वाचनालयाच्या ओट्यावर उभा होता, त्याच्या पुढच्याही. येणारेजाणारे बघतील असं दोघं उभी राहत, मध्ये हातभर अंतर ठेवून. तो म्हणे, "मग वेडी कशी हसते, सांगा की." सुरुवातीला ती टाळायची. मग एकदा त्याने थट्टा न करता विचारलं, आणि तिने सांगितलं.

"माझी आई... मानमोडी तापाच्या साथीत माझे दोन्ही भाऊ एका आठवड्यात गेले. त्यानंतर आई चार-चार दिवस बोलत नाही. रहाटाच्या आवाजाला घाबरते. म्हणते, पोरं रडताहेत. मग एखाद्या सकाळी उठते, चूल पेटवते आणि बाबांना म्हणते, आज तुमची टोपी वाकडी आहे. आम्ही सगळे हसतो. तीही हसते. तुम्ही-आम्ही हसतो तशीच."

त्याने विचारलं, "आणि चिडत नाही कधी?"

"चिडते. एकदा तांब्या फेकला होता. माझ्या आत्यानेही फेकला होता, ती शहाणी आहे." ती थोडंसं हसली. "सुरा मात्र आमच्या घरात भोपळ्यालाच लागतो."

घरी जाऊन लक्ष्मणने पुढच्या हप्त्याची लिहिलेली पानं फाडली. पण त्याच्या आधीचा हप्ता छापखान्यात गेलेला होता.

तो हप्ता आश्विनात आला. त्यात एक वैद्य म्हणतो, वेड रक्तात असतं, लेकीत उतरतं. त्याच आठवड्यात भिवंडीच्या स्थळाकडून कुसुमच्या वडिलांना, हरिभाऊंना, पत्र आलं. मुलगी पसंत होती, पण तिच्या आईविषयी कळलं. असले रोग पिढीत उतरतात, हल्ली मासिकांतही हेच छापून येतं, तेव्हा क्षमा असावी. हरिभाऊंनी पत्र वाचून घडी केली आणि पत्नीला ऐकू जाऊ नये म्हणून मागच्या अंगणात जाऊन बसले.

स्थळ गेल्याचं कुसुमला दुःख नव्हतं. वडिलांची ती पाठमोरी बैठक मात्र तिला बघवली नाही. गुरुवारी तिने लक्ष्मणला सगळं सांगितलं. "त्या निशाकराला एकदा भेटायचं आहे मला," ती म्हणाली.

लक्ष्मणने ओट्याच्या खांबाला हात टेकला. "भेटलात... सात गुरुवार भेटताय."

ती एक पाऊल मागे सरली.

"पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. आधी लाज वाटली. मग... तुम्ही यायचं थांबाल, याची भीती वाटली."

"माझी आई मी तुम्हाला सांगितली," ती एवढंच म्हणाली. आवाज चढला नाही. छत्री न उघडताच ती पायऱ्या उतरली.

दोन गुरुवार ती गेली नाही. त्यानंतरच्या रविवारी सकाळी लक्ष्मण स्वतःच दारात आला. दार लाडकीने उघडलं. ही पोशेरा गावची बाई, सात वर्षं कुसुमच्या आईला सांभाळणारी.

"मी चुकीचं लिहिलं," तो हरिभाऊंना म्हणाला. "ते तुमच्या दारापर्यंत आलं. क्षमा मागायला आलोय. चालणार असेल तर आईंना भेटेन. नसेल तर जातो."

हरिभाऊ काही बोलायच्या आत लाडकी म्हणाली, "बाय आज बरी हाय. बसू दे त्याला. वाल सोलायचं हाय, हात लावंल."

कुसुमची आई, पुष्पावतीबाई, ओसरीवर भिजवलेले वाल घेऊन बसल्या होत्या. लक्ष्मण समोर बसला. त्याच्या बोटांतून वाल सटासट उडू लागले. दाराआडून कुसुम बघत होती.

"आई नाही का तुला?" पुष्पावतीबाईंनी विचारलं.

"नाही. मी सहा वर्षांचा होतो तेव्हा..."

"मग वाल सोलायला कुठून शिकणार." त्यांनी त्याच्या हातातला दाणा घेतला. "असा चिमटायचा." थोड्या वेळाने त्या गप्प झाल्या. नजर कुठेतरी लांब गेली, हात थांबले. लक्ष्मण उठला नाही. पुढचा दाणा घेऊन त्याने तसाच चिमटला, मग आणखी एक, टोपली संपेपर्यंत.

दाराआड कुसुमचे डोळे भरून आले, कशाने ते तिलाही नीट कळलं नाही.

कथेचा शेवट त्याने नव्याने लिहिला. त्यात वेडीच्या हातात सुरा नव्हता, कोठडी नव्हती. एक लेक तिचे केस विंचरत होती आणि ती लेकीला जोरात ओढू नको म्हणून रागावत होती. संपादकांनी तो परत पाठवला. वाचकांना आग हवी आहे, असं लिहिलं, आणि दुसऱ्याच कोणाकडून कथेतला घुमट जाळून घेतला. लक्ष्मणचं लिहिणं त्या मासिकात बंद झालं.

परत आलेली पानं त्याने पुन्हा वाचनालयात येऊ लागलेल्या कुसुमला दिली. तिने ती ओट्यावरच उभं राहून वाचली, शेवटचं पान दोनदा.

"हे गावाने वाचायला हवं," ती म्हणाली.

"छापायला कोणी तयार नाही."

"मग मी शाळेत मोठ्या मुलींना वाचून दाखवीन. त्या घरी जाऊन आयांना सांगतील. जव्हारला छापखान्यापेक्षा ते लवकर पोचतं."

तो हसला, मग गंभीर झाला. "कुसुम..." नाव पहिल्यांदाच तोंडातून निघालं, बाई मागे राहिलं. "मला तुमच्या घरात यायचं आहे. नेहमीसाठी नव्हे... म्हणजे, तुम्हाला माझ्या घरी न्यायचं आहे. बोलायला जमत नाहीये."

"लिहायला जमतं म्हणतात," ती म्हणाली. गालावरचा रंग मात्र लपला नाही. मग तिने नजर उचलली. "आणि मीच कधी आईसारखी गप्प झाले तर?"

त्याने घाई केली नाही. खाली बाजारात कोणीतरी नागलीची पोती उतरवत होतं, तो आवाज थांबेपर्यंत विचार केला.

"भीती वाटेल," तो म्हणाला. "काय करायचं ते लाडकीला विचारीन. पण तिथेच असेन."

कुसुमने पानांची नीट घडी केली. हातभर अंतर आता वीतभर राहिलं होतं आणि येणारेजाणारे बघत होते.

"बाबा उद्या दुपारी घरी असतील," ती म्हणाली. दोन पायऱ्या उतरून ती मागे वळली. "खरं म्हणजे... आत्ताही आहेत."