कपाटातली ताई

माझं काम वजनकाटे तपासण्याचं. दुकानांतले, गोदामांतले, दवाखान्यांतले. पारडं रिकामं असताना काटा शून्याच्या जरा जरी पुढे दिसला, की मी तो वापरातून काढते आणि सील ठोकते, मग मालक कितीही गयावया करो. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून मी मुळातच भाबडी आहे असा कोणाचा समज व्हायला नको.

सेमिस्टर तोंडावर आलं होतं. कामावरून आले की मी कपड्यांच्या कपाटात जाऊन बसायचे. आईबाबांच्या वेळचं मोठं, दोन दारांचं लाकडी कपाट. मधले कप्पे काढून टाकले होते, आतून रजया टांगल्या होत्या, खाली एक बुटकं स्टूल. दारं ओढून घेतली की रस्त्यावरच्या गाड्या ऐकू येत नसत आणि आवाज घुमत नसे. कपाळाला टॉर्च बांधायचा, मांडीवर पुस्तक घ्यायचं, रेकॉर्डर चालू करायचा आणि धाकट्या भावासाठी त्याचा इतिहास मोठ्याने वाचायचा. आत डांबराच्या गोळ्यांचा वास आणि मरणाचा उकाडा. तो बाहेरून टकटक करायचा.

"कपाटातली ताई, जिवंत आहेस ना?"

"गप रे ठोंब्या! तुझा आवाज आला बघ यात. आता परत वाचावं लागणार."

धाकट्याची दृष्टी गेल्या वर्षी गेली. वर्षही बुडालं. या सेमिस्टरला तो परत जाणार होता, पण पुस्तकं वाचणार कशी? विद्यापीठातली वाचून देणाऱ्याची जागा रिकामी होती. ती भरू म्हणाले, कधी ते म्हणाले नाहीत. कॉम्प्युटरचा आवाज वाचायचा, पण नकाशा आला की त्याची दातखीळ बसायची आणि तळटीप आली की तो वाक्याच्या मधोमध घुसायचा. धाकट्याने वैतागून हेडफोन भिंतीवर आपटले. मग मीच पदर खोचला.

बाकीचीही तयारी चालली होती. रंग ओळखता यावा म्हणून त्याच्या शर्टांच्या कॉलरला आतून दोऱ्याच्या गाठी मारल्या. विद्यापीठ बंद असताना त्याला काठी घेऊन तिथे नेलं, जिने चढवले, वर्गाचं दार चाचपायला लावलं. अशाच एका दुपारी तो रिकाम्या व्हरांड्यात भिंतीला हात लावून थांबला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, "ताई, हेही सेमिस्टर गेलं ना, तर मी पुढचं बघणार नाही."

मी हो म्हटलं. घरी आल्यावर सगळ्या औषधांच्या बाटल्या आणि गोळ्या गोळा करून माझ्या पर्समध्ये टाकल्या. तेव्हापासून ती पर्स मी उशाशी घेऊन झोपायचे.

माझा घसा बसला होता तो त्याच सुमाराला. गुळण्या केल्या, वाफ घेतली. शेवटी डॉक्टरबाईंनी घशात नळी घालून पाहिलं.

"गाठ आहे. काढायलाच हवी, आणि लवकर."

"आणि आवाज?"

"जीव वाचवायचा आहे आपल्याला," त्या म्हणाल्या. "आजपासून बोलणं शक्यतो बंद ठेवा."

सेमिस्टरच्या आधी ऑपरेशन ठरलं. पुस्तक अर्धंही झालं नव्हतं. धाकट्याला मी यातलं एक अक्षर सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने त्याच दिवशी काठी कोपऱ्यात टाकली असती. संध्याकाळी पुन्हा कपाटात शिरले. दुष्काळाचं प्रकरण सुरू केलं आणि पहिल्याच पानावर असा खोकला आला की रुमालावर लाल ठिपके पडले. मी तशीच बाहेर आले. रेकॉर्डर बंद करायचा राहून गेला.

दुसऱ्या दिवशी घरी आले तर धाकटा खुशीत होता. "काय वाचलंयस काल! दुष्काळाचं अख्खं प्रकरण, न अडखळता. आणि घसापण सुटला की तुझा."

मी रेकॉर्डर घेऊन बाल्कनीत गेले. सुरुवातीला माझा घोगरा आवाज, मग खोकला, मग कपाटाच्या दाराची करकर. थोडी शांतता. मग कोणीतरी पान उलटलं आणि माझाच आवाज पुढे वाचू लागला. माझा पूर्वीचा आवाज, स्वच्छ.

चुकून आपणच वाचलं असेल, थकव्यात आठवत नसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. पुस्तक उघडलं. त्या प्रकरणाची पुढची पानं छापखान्यात कापायची राहून गेली होती. कडेने जोडलेली, आतलं काही दिसत नव्हतं. मी स्वयंपाकघरातून सुरी आणली, पानं कापली आणि रेकॉर्डिंग लावून एकेक ओळ ताडून पाहिली. शब्दाचाही फरक नव्हता.

तरी मी खात्री करून घेतली. ते माझं कामच आहे. पुढच्या संध्याकाळी रेकॉर्डर रिकाम्या कपाटात ठेवला, बाहेरून कुलूप लावलं, किल्ली मुठीत आणि पुस्तक मांडीवर घेऊन बाहेर बसून राहिले. आतून चकार आवाज आला नाही. नंतर रेकॉर्डर काढून ऐकला, तर पुढचं प्रकरण तयार होतं. नकाशासुद्धा छान समजावून सांगितला होता, मला जमला नसता इतका छान.

रिकामं पारडं वजन दाखवत होतं. मी सील ठोकायला हवं होतं. ठोकलं नाही. पुस्तक पुरं व्हायला हवं होतं, मग ते कोणी का वाचेना. रोज संध्याकाळी मी रेकॉर्डर आत ठेवायचे, दारं लावायचे आणि दारांना हात जोडायचे. इतकी मी लाचार झाले होते.

माझा आवाज दिवसेंदिवस खोल चालला. आतला आवाज मोकळा होत गेला. तो प्रकरणाच्या शेवटी धाकट्याची चेष्टा करू लागला. "झोपलास का रे ठोंब्या?" म्हणू लागला. धाकटा हसायचा. किती महिन्यांनी हसत होता तो.

"रेकॉर्डिंगमध्ये बरी असतेस गं तू," एकदा तो म्हणाला. "एरवी तर दोन शब्द बोलत नाहीस. तिकडचीच ताई बरी."

मला ते लागलं. खूप लागलं. पण बोलणार कशाने?

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्याला सांगितलं. नुसती फुसफुस उरली होती, त्याला कान माझ्या तोंडाशी आणावा लागला. तो रडला, रागावला, मग माझा हात हातात घेऊन बसला. आम्ही एक खूण ठरवली. मी त्याचं मनगट दोनदा दाबायचं. म्हणजे मी आहे.

आम्ही कपाटाला टेकूनच बसलो होतो.

पुस्तक पुरं झालं होतं. सगळं रेकॉर्डिंग त्याच्या फोनवर चढवलं. रेकॉर्डरमधली बॅटरी काढली आणि दोन्ही पर्समध्ये टाकून दवाखान्यात घेऊन गेले. कपाटाला कुलूप लावलं. शेजारच्या काकूंना त्याच्याकडे लक्ष ठेवायला सांगितलं होतं.

सेमिस्टर सुरू होण्याच्या आदल्या दिवशी दुपारी मला घरी सोडलं. गळ्याला जाड पट्टी होती. जिन्यात काकू भेटल्या. त्या पट्टीकडे बघत राहिल्या.

"अगं, तू आत्ता येतेयस? मला वाटलं कालच आलीस. दोघांच्या गप्पा ऐकू येत होत्या ना, म्हणून मी काही डोकावले नाही."

मी किल्लीने दार उघडलं.

आतल्या खोलीतून माझा आवाज येत होता.

"कॉलरला एक गाठ तो पांढरा. उद्या तोच घाल. आणि तिसऱ्या जिन्याची पायरी तुटलीय, विसरू नकोस."

ती विद्यापीठातली पायरी मी त्याला दाखवली होती. पुस्तकात ती नव्हती.

धाकटा पलंगावर बसला होता. फोन दूर टेबलावर, चार्जिंगला लावलेला, बंद. समोर हातांची खुर्ची ओढलेली, रिकामी. कपाटाची दोन्ही दारं सताड उघडी. कुलूप कडीला तसंच लटकत होतं, लावलेलं.

मी आत पाऊल टाकलं आणि आवाज थांबला.

मी धावत जाऊन त्याचं मनगट धरलं. दोनदा दाबलं.

तो दचकला. मान माझ्याकडे वळवली.

"कोण?" तो म्हणाला. "तुम्ही कोण?"

जन्मात त्याने मला तुम्ही म्हटलं नव्हतं. मी तोंड उघडलं. गळ्यातून नुसती हवा गेली. मी पुन्हा दाबलं, जोरात, दोनदा. अरे मी आहे. मी.

त्याचा दुसरा हात समोरच्या खुर्चीच्या हातावर टेकलेला होता. त्या मनगटावरची कातडी आत दबली. सावकाश. मग सुटली, आणि पुन्हा दबली.

त्याचा चेहरा निवळला. माझ्या हातातून त्याने आपला हात हळूच सोडवून घेतला.

"ताई," तो खुर्चीकडे वळून म्हणाला, "कोण आलंय गं?"