मागच्या फाटकाचे दयाळ

“बाई, जरा हळू,” भाऊजी म्हणाले. “आम्ही दोघं समोरच बसलोय.”

बाई ओशाळल्या. खोलीत पंख्याशिवाय कसला आवाज नव्हता, तरी त्या रस्त्यापलीकडच्या माणसाला हाक मारावी तशा बोलत होत्या.

“सवय हो,” त्या आवाज उतरवत म्हणाल्या. “शिवणाचं दुकान आहे माझं, विद्यापीठाच्या मागच्या फाटकाला लागून. भाऊ कॉलेजात गेला त्या वर्षी डोक्यावरून पूल झाला. तेव्हापासून गिऱ्हाइकाचं माप ओरडून विचारावं लागतं. घरी आले तरी गळा तसाच राहतो. भाऊ हसायचा मला.”

‘हसायचा’ म्हणताना त्यांचा आवाज आपोआप खाली गेला. वहिनींनी पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि वाट पाहिली.

वहिनी म्हणजे भाऊजींच्या थोरल्या भावाची बायको. नवरा गेल्यावर त्यांनी लग्नाच्या स्थळांची चौकशी करून द्यायला सुरुवात केली, आणि बघता बघता खासगी गुप्तहेर म्हणून त्यांचे नाव झाले. भाऊजी जन्मभर एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. आता त्यांचे काम वहिनींच्या सोबत जाणे, छत्री धरणे आणि चुकीचे तर्क करणे. शेवटच्या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

पाहुण्या बाईंना त्यांचा भाऊ ताई म्हणायचा. थोड्या वेळात हे दोघेही तेच म्हणू लागले. ताईंनी मोबाइल पुढे केला. पडद्यावर विद्यापीठाच्या प्रबंधांचा ऑनलाइन शोध उघडा होता. चौकटीत एका मुलाचे नाव, आणि खाली एक ओळ: ‘एकही नोंद सापडली नाही.’

“रोज सकाळी टाकते नाव,” ताई म्हणाल्या. “आधी यायचं. प्राणीशास्त्राचा डॉक्टर झाला होता तो. दयाळ पक्ष्यांच्या आवाजावर प्रबंध लिहिला. पहाटे उठून यंत्र घेऊन झाडाखाली उभा राहायचा, डबा मीच द्यायचे. मग कोणीतरी संगीत विभागातला एक जुना प्रबंध शोधून काढला. सगळे तक्ते तेच. तो प्रबंध ज्या सालचा आहे ना, त्या साली माझा भाऊ पाटीवर गिरवत होता. झालं, चोर ठरला. पदवी काढून घेतली, सगळ्या प्रती मागवून त्यांचा लगदा केला. स्वतःची प्रत त्यानं परसात जाळली. दोन महिने भिंतीकडे तोंड करून पडला होता, मग ताप आला. डॉक्टर म्हणाले न्यूमोनिया. मी म्हणते प्रबंध.”

भाऊजींनी नजर खाली वळवली. माणूसच गेल्यावर आता कशाचा तपास करायचा, हे त्यांना कळेना.

“तुम्हाला नेमकं काय हवंय?” वहिनींनी विचारले.

“त्यानं चोरलं नाही. ते मला ठाऊक आहे. त्याचं नाव इथे परत दिसलं पाहिजे. बाकी काही नको.”

त्या जाताना जुन्या प्रबंधाची छापून घेतलेली पाने ठेवून गेल्या.

वहिनींनी दुपारभर ती वाचली. सुरुवातीलाच अर्पणपत्रिका होती: ‘रोज पहाटे माझ्यासाठी खिडकी उघडणाऱ्यास.’ पहिल्या प्रकरणात अंथरुणाला खिळलेली एक बाई उजाडण्याआधी दयाळाची तान ऐकते आणि ती कोणत्या सुरावर थांबते ते गुणगुणून पाहते.

“भाऊजी, पहिलं प्रकरण वाचून माझे डोळे भरून आले. दुसऱ्यापासून नुसती झोप येतेय. आकडे, तक्ते, आकडे.”

“प्रबंधकर्त्या बाई थकल्या असतील लिहून लिहून.”

“असतील. आणि हा तक्ता पाहा. मागच्या फाटकाचे दयाळ बाकीच्यांपेक्षा बरेच वरच्या पट्टीत गातात. का, ते कुठेच लिहिलेलं नाही.”

“पक्षीच ते. ज्याचा त्याचा गळा.”

वहिनींनी चष्मा पुसला. भाऊजींच्या अनुभवाप्रमाणे हे लक्षण आपला तर्क बाद झाल्याचे होते.

दुसऱ्या दिवशी दोघे मुलाच्या मार्गदर्शक प्राध्यापकांकडे गेले. सर निवृत्तीला टेकले होते. चोरी ठरवणाऱ्या समितीचे नाव निघताच त्यांची पाचावर धारण बसली.

“माझी प्रत मी लगेच परत केली हो. माझ्याकडे काही नाही.”

“काय होतं त्यात?”

“तक्ते होते. शेवटच्या प्रकरणात त्यानं कारण दिलं होतं, प्रबंधाचा जीव तोच होता. गोंगाटात पक्षी आवाज चढवतात, असं काहीतरी. तपशील आता आठवत नाही.”

“आणि ते कारण जुन्या प्रबंधात होतं?”

“समितीनं तक्ते शेजारी शेजारी ठेवले. मी ते पाहिले आणि सही केली.”

“तो प्रबंध तुम्ही वाचला नाहीत?”

“संगीतातला तो! मला त्यातलं काय कळणार?” सरांना हे सांगताना लाजसुद्धा वाटली नाही, याचा भाऊजींना फार राग आला.

तिथून निघताना वहिनींनी मुद्दाम मागच्या फाटकाचा रस्ता धरला. पुलावरून गाड्यांची रीघ लागली होती. पूल रुंद करायला तिथली झाडे तोडलेली, बुंधे तेवढे उरलेले. ताई दुकानाच्या दारात कोणाला तरी ओरडून विचारत होत्या, “बाही पूर्ण की अर्धी?” वहिनी बराच वेळ कान देऊन उभ्या राहिल्या. एकही पक्षी बोलला नाही.

मुलाचा मित्र प्राणीशास्त्र विभागात शिकवत होता. ही जागा आधी त्या मुलाला मिळायची होती. तक्रारही यानेच केलेली. भाऊजींनी मनातल्या मनात त्याला बेड्या घालून टाकल्या.

“हो, तक्रार मी केली,” मित्र म्हणाला. त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळे होती. “पूर्वी प्रत्येक विभागाचा शोध वेगळा होता. गेल्या वर्षी सगळे एकत्र केले. मला गंमत वाटली, आपल्या विषयावर दुसऱ्या विभागांत काय आहे ते बघायला गेलो. दयाळ, पक्षी, आवाज, शोधशब्द म्हणून काय काय टाकलं. नवं काही आलं नाही. मग सहज आतल्या पानांचा शोध लावून त्याच्या तक्त्यातले आकडे टाकले, आणि तो प्रबंध वर आला. मी हादरलो.”

“हादरलात, आणि मित्राला विचारण्याआधी तक्रार केलीत.”

 वहिनींनी त्याला जुन्या प्रबंधाची नोंद उघडायला सांगितली. प्रत्येक नोंदीखाली शोधशब्द असतात, शोधणाऱ्याला वाट सापडावी म्हणून नोंद चढवणाऱ्याने दिलेले. त्या काळच्या इतर प्रबंधांखाली शब्दांची रांग होती. या प्रबंधाखाली एकच शब्द होता: ‘संगीत’.

“आळशी कारकून,” भाऊजी म्हणाले.

“ग्रंथालयात जाऊन पाहू कारकुनाला.”

ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर प्रबंधांची खोली होती. एसीची घरघर चालू, भिंतीवर पाटी: ‘यंत्रांच्या सुरक्षेसाठी खिडकी उघडू नये’, खाली ग्रंथपालांचीच सही. ग्रंथपाल साठीचे, इस्त्रीच्या कपड्यांतले गृहस्थ होते. खोलीत शिरल्याबरोबर त्यांनी खिडकी सताड उघडली, मग खुर्चीवर बसून नम्रपणे विचारले, “बोला.” बाहेरची झळ थेट भाऊजींच्या टाळूवर आली. जरा गारव्यात बसू म्हटले होते, तेही नशिबात नव्हते.

“या संगीताच्या प्रबंधाची छापील प्रत आहे?” वहिनींनी विचारले.

“नाही. त्या कपाटाला वाळवी लागली. फक्त ही संगणकावरची.”

“नोंदी कोण चढवतं?”

“मीच. दुसरं आहे कोण इथे? पदवीआधी प्रत्येक प्रबंध तपासायलाही माझ्याकडेच येतो.”

“आणि त्या मुलाच्या प्रबंधाची संगणकावरची प्रत?”

“रद्द झालेला प्रबंध आम्ही समूळ काढतो, बाई. मागे काही ठेवत नाही.” हे बोलताना ते टेबलावरच्या पुसट डागाकडे पाहत होते.

बाहेर आल्यावर भाऊजी म्हणाले, “मित्रच. जागेसाठी खोटा प्रबंध रचला आणि स्वतःच शोधून काढला.”

“मग त्याला शोधशब्द नीट द्यायला काय झालं होतं?” वहिनी म्हणाल्या. “उद्या सगळ्यांना याच खोलीत बोलवा. ताईंनाही.”

दुसऱ्या दिवशी दुपारी सर, मित्र आणि ताई ग्रंथपालांसमोर बसले. खिडकी आजही उघडी होती. वहिनी उभ्याच राहिल्या.

“जुना प्रबंध जुना नाहीच,” त्यांनी सुरुवात केली. “ताई, तुमचा आवाज मोठा का?”

“पुलामुळे,” ताई गोंधळून, मोठ्यानेच म्हणाल्या.

“मागच्या फाटकाच्या दयाळांचाही त्यामुळेच. गाड्यांच्या वर ऐकू जावं म्हणून ते पट्टी चढवतात. तुमच्या भावानं शेवटच्या प्रकरणात हेच लिहिलं होतं. आता सांगा, तुमचा भाऊ पाटीवर गिरवत होता तेव्हा तिथे पूल होता का?”

“पूल कुठला? नुसती झाडी होती. पाचोळा पडला तरी ऐकू यायचा.”

“मग तेव्हाचे पक्षी आवाज कशाला चढवतील? ज्यानं हे तक्ते उचलले, त्यानं पुलाचं प्रकरण गाळलं, कारण त्या साली पूल नव्हता. पण आकड्यांत पूल राहून गेला. हे मोजमाप ताईंच्या भावाचंच आहे.”

सरांनी रुमालाने कपाळ टिपले. मित्राने दोन्ही हातांनी तोंड झाकले.

“भाऊजींना वाटतं, हे वैऱ्याचं काम. पण वैरी सापळा लावतो तो सापडावा म्हणून. इथे एकच शोधशब्द, तोही असा की हजारोंच्या गर्दीत नोंद बुडून जावी. म्हणजे प्रबंध असायला तर हवा होता, पण कोणाच्या नजरेस पडायला नको होता. हे कोणाच्या द्वेषानं होत नाही. ज्याला तो मुलगा दिसतच नव्हता, फक्त दुसरं एक नाव दिसत होतं, त्यानं हे केलं. पहिलं प्रकरण खरं आहे. ते एका आजारी बाईनं लिहिलंय, पुढचं तिच्या हातून झालं नाही. मुलाचा प्रबंध तपासणीच्या वेळीच हाती आला आणि स्वतःच नोंदी चढवतो, असा माणूस इथे एकच आहे.” वहिनी ग्रंथपालांकडे वळल्या. “पाटीवर सही तुमची. तरी आल्या आल्या तुम्ही खिडकी उघडता. पहाटे कोणासाठी उघडायचात?”

ग्रंथपालांची नजर खिडकीकडे गेली.

“बायकोसाठी,” ते म्हणाले. “प्रबंधावर तिचं माहेरचं नाव आहे. ती गेली तेव्हा एकच प्रकरण झालं होतं. मी इथे बसून जगाचे प्रबंध चढवले. तिचं नाव टाकलं की मात्र, ‘एकही नोंद सापडली नाही.’ मग या मुलाचा प्रबंध आला. तेच पक्षी. तिचेच. मला वाटलं, ती असती तर पुढे हेच लिहिलं असतं. तिच्या प्रकरणामागे ते तक्ते जोडले, साल तिच्या वेळचं घातलं. तेव्हा शोध वेगवेगळे होते. प्राणीशास्त्रातलं कोण संगीतात डोकावतंय? पुढे एकत्र करायचा हुकूम आला, आणि तोही मलाच पाळावा लागला.”

“समिती बसली तेव्हा तोंड का नाही उघडलं?” भाऊजींनी कधी नव्हे तो आवाज चढवला.

“उघडणार होतो. रोज ठरवायचो. पण मग तिच्या नावापुढे चोर लागलं असतं.”

“ते माझ्या भावाच्या नावापुढे लागलं,” ताई म्हणाल्या. “ते चाललं तुम्हाला.”

 ग्रंथपालांनी हात जोडले, पण ताईंनी तिकडे पाहिले नाही.

चूक मान्य करायला समितीला बऱ्याच बैठका लागल्या. ग्रंथपालांना घरी बसवण्यात आले. जाताना शेवटची नोंद त्यांनीच बदलावी, असा हुकूम निघाला. त्या दिवशी ताईंबरोबर वहिनी आणि भाऊजीही गेले.

ग्रंथपालांनी आधी बायकोची नोंद उघडली. ‘कायमची काढून टाकायची?’ असे यंत्राने विचारले. त्यांनी बटण दाबले. मग मुलाची नोंद परत भरली: नाव, विषय, वर्ष, आणि आधीच बाजूला काढून ठेवलेले तक्ते. शोधशब्द देताना ते थांबले नाहीत; दयाळ, पहाट, पट्टी, पूल, सुचेल तो शब्द घालत राहिले.

ताईंनी मोबाइलवर नाव टाकले. एक नोंद सापडली. त्यांनी त्यावर बोट ठेवले. आत तक्ते होते, जे चोरीमुळेच वाचले होते. त्यांच्या खाली ओळ होती: ‘उर्वरित मजकूर उपलब्ध नाही.’

“शेवटचं प्रकरण?” त्यांनी विचारले.

“कुठेच नाही,” ग्रंथपाल म्हणाले. “एकातून मी गाळलं. दुसरा मीच समूळ काढला.”

“पक्ष्यांना परत मोजून कोणी लिहील की,” भाऊजी घाईने म्हणाले, आणि म्हणतानाच त्यांना ते बुंधे आठवले.

ताईंनी मोबाइल पिशवीत ठेवला. “येते,” त्या म्हणाल्या, इतक्या हळू की भाऊजींना ते फक्त ओठांवरून कळले. जिन्यावरून त्यांची पावले खाली गेली. 

वहिनींनी भाऊजींची बाही ओढली. दारातून वळताना भाऊजींनी मागे पाहिले. ग्रंथपाल कीबोर्डवर सावकाश एक नाव टाइप करत होते. त्यांनी खाली उमटलेली ओळ वाचली, मग उठले आणि खिडकी बंद केली.