देवमाशाचा थोरला मुलगा

त्या दिवशी पहाटे मी आणि माझा मेहुणा थाच खेकड्यांचे सापळे बघायला वाळूच्या दांड्यावर गेलो होतो. ओहोटी होती. दांड्यावर ओंग पडले होते. देवमाशाला आम्ही ओंगच म्हणतो, म्हणजे आजोबा. वादळात ते बोटीला पाठीचा आधार देतात, म्हणून आमच्या फान थिएतच्या किनाऱ्यावर जागोजाग त्यांची देवळं आहेत.

ओंग जिवंत होते.

“खांग, अंगावर पाणी मारत राहा. मी माणसं आणतो,” असं म्हणून थाच पळत सुटला.

बादली माझ्या हातात होती. मी ती भरली नाही.

मेलेले ओंग ज्याला पहिल्यांदा दिसतात, तो त्यांचा थोरला मुलगा. तीन वर्षं डोक्याला पांढरं फडकं बांधून तो सुतक पाळतो आणि अख्खं गाव त्याला मान देतं. मला गावात कुत्रं विचारत नव्हतं. मी वाळूत बसून राहिलो. ऊन चढलं. श्वासांमधलं अंतर वाढत गेलं... मग पुढचा श्वास आलाच नाही.

“तू गेलास तेव्हाच संपले होते,” मी थाचला सांगितलं.

त्याने बादलीत हात फिरवला. कोरडी. “तुझ्या बहिणीकडे बघून गप्प बसतोय,” तो म्हणाला.

पुढच्या वर्षी जत्रेत ओंगना बोलवायला बोटी समुद्रात निघाल्या. ढोल, धूप, भाजलेलं डुक्कर. सगळ्यांत पुढच्या बोटीत थोरला मुलगा म्हणून मी, डोक्याला पांढरं फडकं. पुजारी साऊकाकांनी बशीत दोन नाणी टाकली. एक छापा, एक काटा पडला की ओंग आले असं समजायचं. दोन्हींवर छापा पडला. पुन्हा टाकली. नऊ वेळा तेच. ढोल थांबले.

“खांग,” काका हळूच म्हणाले, “जरा टोपलीत उतरतोस?”

टोपली म्हणजे बोटीमागे बांधलेली बांबूची गोल होडी. मी उतरलो. वर नाणी वाजली आणि लगेच ओरडा झाला, “आले! आले!”

थाचने दोर सोडला.

“मला वर घ्या ना... काका...”

“आता नको,” काका म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

ढोल लांब गेले. भर दुपार, समुद्र तव्यासारखा सपाट. मी किनाऱ्याकडे वल्हवू लागलो. टोपलीच्या बुडाला काहीतरी घासलं. टोपली अलगद उचलली गेली आणि किनाऱ्यापासून आणखी आत नेऊन ठेवली गेली. मी पुन्हा वल्हं मारलं. पुन्हा तसंच. धसमुसळेपणा नाही, घाई नाही. कुजक्या शेवाळाचा उबट वास वर आला.

“आजोबा... चुकलो...”

खालचं क्षणभर थांबलं. मग त्याने मला आणखी आत ढकललं.

दुसऱ्या दिवशी एका परक्या बोटीने मला उचललं. गावात मी परत गेलो नाही. आता डोंगराच्या पायथ्याशी, ड्रॅगन फ्रूटच्या बागेत राबतो. समुद्र इथून बसने चार तास.

गेल्या महिन्यात मालकीणबाईंनी चूळ थुंकली. “खांगदादा, विहिरीचं पाणी खारट कसं झालं हो?”

तेव्हापासून मी रोज विहिरीत वाकून बघतो. पाणी दुपारी उतरतं, संध्याकाळी चढतं, रोज आदल्या दिवसापेक्षा थोडं वर. काल ते काठापासून वीतभर खाली होतं.